पिल्लू गेलं, आता घरातल्या बाकीच्यांचं काय?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"आमच्या घरी पाच वर्षांचा मोती हा कुत्रा आणि दोन मांजरं आहेत: चार वर्षांची मनी आणि तीन महिन्यांचा गुंड्या. पंधरवड्यापूर्वी रस्त्याच्या कडेला कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं, जेमतेम दोन महिन्यांचं. ते घरी आणलं. सगळ्यांत खेळत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. रात्रभर मी सिरिंजने साखर-मिठाचं पाणी पाजत बसले. त्या गडबडीत त्याचा दात बोटाला लागून थोडं रक्त आलं, पण ते किरकोळ होतं. सकाळी रक्ताचे जुलाब सुरू झाल्यावर दवाखान्यात नेलं. तपासणीत पार्व्हो हा विषाणूजन्य रोग निघाला आणि दोन दिवसांनी ते गेलं. मी रात्रीच नेलं असतं तर वाचलं असतं का? शेजारी म्हणतात कुत्र्याचा रोग मांजराला होत नाही, हे खरं का? मोतीची लसीकरणं वेळेवर झाली आहेत, मनीचीही. गुंड्याला एकच डोस मिळाला, दुसरा राहून गेला. घर सॅनिटायझर आणि फिनेलने पुसून काढलं आहे. ताप आलाच तर पॅरासिटामॉल किती द्यायचं? शिवाय वहिनींना तिसरा महिना आहे आणि त्या आमच्याकडे राहायला येणार आहेत. सासूबाई म्हणतात, आता मांजरं देऊन टाका. पुन्हा पिल्लू आणायचं धाडस करावं का, तेही सांगा."

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: दात बोटाला लागून रक्त आलं. पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला त्याबद्दल कळवलं होतं. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण आजाऱ्याला पाजताना-भरवताना असं कुणाचंही होऊ शकतं आणि बहुतेक जण ते सोडून देतात.

कुठून आलं हे माहीत नसलेलं, लस न झालेलं पिल्लू चावलं, रक्त आलं आणि पिल्लू दगावलं, एवढं घडलं की माणसाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. पिल्लाला पार्व्हो होता हे तपासणीत दिसलं. त्याला रेबीज नव्हता हे त्यातून सिद्ध होत नाही. चावलेला कुत्रा जिवंत असेल तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवून बराचसा उलगडा होतो. इथे ती वाट बंद झाली आहे. रेबीजची लक्षणं माणसात दिसायला साधारणपणे दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरात दिसतात, कधी वर्षही जातं. आणि एकदा ती दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून "आता पंधरा दिवस झालेच आहेत" हा विचार सोडा. उशिरा सुरू केलेल्या लसीचाही उपयोग होतो. रक्त आलेली जखम असल्यामुळे लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्या रात्री तुमच्याबरोबर आणखी कुणी त्याला हाताळलं असेल आणि लाळ ताज्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल, तर त्यांनीही जायचं. मोती आणि मनीचं रेबीजचं लसीकरण झालेलं असलं तरी पिल्लाशी आलेल्या संपर्काबद्दल पशुवैद्यांना सांगा. अशा वेळी जादा डोस देतात. पुढे कधी असं झालं तर सगळ्यात आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं फार वाटतात, पण तेवढीच लागतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो तुम्ही पत्रात एकदाच लिहिलाय, पण मनात तो किती वेळा येत असेल याची मला कल्पना आहे.

पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा तीन ते सात दिवस जातात. तुमचं पिल्लू तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजारी पडलं. म्हणजे बहुधा ते रोग बरोबर घेऊनच आलं होतं. तुमच्या घरात ते जे तीन दिवस खेळलं, त्या काळात विषाणू आधीच आतड्यात आणि अस्थिमज्जेत वाढत होता. या विषाणूला झपाट्याने विभागणाऱ्या पेशी लागतात आणि लहान पिल्लात अशा पेशी भरपूर असतात. आतड्याचं अस्तर झडतं, तिथून जिवाणू रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच वेळी घटलेल्या असतात. विषाणूवर थेट काम करणारं औषध नेहमीच्या वापरात नाही. शिरेतून सलाइन, उलट्या थांबवणारी औषधं, जिवाणूंसाठी प्रतिजैविकं, साखरेवर लक्ष आणि शक्य तितक्या लवकर थोडं थोडं अन्न, याच्या आधाराने शरीर स्वतःच सावरतं. वेळेवर असे उपचार मिळालेल्यांतली बहुसंख्य पिल्लं वाचतात. उपचार न मिळालेल्यांतली बहुसंख्य जातात.

तेव्हा रात्रीच गेला असता तर शक्यता थोडी वाढली असती का? हो, थोडी वाढली असती. हे मी लपवणार नाही, कारण पुढच्या वेळी तुम्हाला आणि इतर वाचकांना त्याचा उपयोग आहे: लस न झालेल्या पिल्लाला एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या की सकाळची वाट पाहायची नाही. पण जेमतेम दोन महिन्यांचं, आईपासून तुटलेलं, पोटात बहुधा जंतही असलेलं पिल्लू मुळातच अवघड परिस्थितीत होतं. तुम्ही आणलं नसतं तर ते कुठेतरी एकटं, पाण्याशिवाय गेलं असतं. तुमच्याकडे आल्यामुळे त्याला रोग झाला, असं समजायला काहीही आधार नाही. एक सूचना मात्र देते. उलट्या होत असताना सिरिंजने तोंडात पाणी सोडू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि पोटात गेलेलं टिकतही नाही.

आता गुंड्याकडे वळते, कारण सध्या घरात सगळ्यात जास्त धोका त्यालाच आहे.

शेजाऱ्यांचं म्हणणं एके काळी बरोबर होतं. कुत्र्यांचा पार्व्हो 1978च्या सुमारास पहिल्यांदा जगभर दिसला. तो मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या जुन्या विषाणूचा अगदी जवळचा नातेवाईक. सुरुवातीचा तो प्रकार मांजरांना बाधत नव्हता. पण एक-दोन वर्षांतच त्याचे नवे प्रकार आले, आज कुत्र्यांमध्ये तेच फिरतात आणि ते मांजरांनाही होऊ शकतात. सुदैवाने मांजरांना दिली जाणारी पॅनल्युकोपेनियाची लस या प्रकारांविरुद्धही बरंच संरक्षण देते. मनीच्या बाबतीत म्हणून मी फारशी काळजी करत नाही. गुंड्याच्या बाबतीत करते.

त्याला एक डोस मिळाला आहे ना, मग पुरेसं नाही का, असं तुम्हाला वाटेल. पिल्लांना आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, तयार प्रतिपिंडं मिळतात. ती पहिले काही आठवडे त्यांना सांभाळतात, पण लसही निकामी करतात, कारण लसीतला विषाणू आणि खरा विषाणू यांत त्यांना फरक कळत नाही. पुढे ही प्रतिपिंडं ओसरतात. मध्ये काही दिवस असे येतात की ती रोगाला रोखायला अपुरी असतात आणि लसीला अडवायला मात्र पुरेशी. हे दिवस कुठल्या पिल्लात कधी येतील हे बाहेरून सांगता येत नाही. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक असतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जातात आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आत संपवत नाहीत. सहा महिन्यांच्या आसपास आणखी एक देतात. पहिला डोस "लागला" की नाही हे आपल्याला माहीत नसतं, आणि दुसरा-तिसरा डोस असतो तो त्यासाठीच. कामाच्या धबडग्यात दुसरा डोस राहून जातो, हे मी रोज पाहते. तो राहिला तर पहिल्यावर विसंबता येत नाही.

गुंड्या ठणठणीत दिसत असेल तर आजच पशुवैद्यांना फोन करून सगळी हकिगत सांगा आणि लगेच डोस देता येईल का विचारा. थेट दवाखान्यात जाऊन बसू नका. तिथे इतरांची पिल्लं असतात आणि गुंड्याच्या अंगावरून विषाणू त्यांच्यापर्यंत जाऊ शकतो. पिंजऱ्यात घालून, आधी वेळ ठरवून जा.

घरी त्याच्याकडे काय पाहायचं? मांजरांत हा रोग फार अचानक येतो. सकाळी उड्या मारणारं पिल्लू संध्याकाळी कोपऱ्यात मिटून बसतं. ताप, खाणं बंद, उलट्या. जुलाब होतीलच असं नाही. एक खूण मात्र नीट लक्षात ठेवा: पिल्लू पाण्याच्या भांड्याशी जाऊन त्यावर मान टाकून बसून राहतं. तहान असते, पण मळमळीमुळे एक घोटही घेत नाही. हे दिसलं की निघायचं. गुदमार्गात थर्मामीटर लावायची सवय असेल तर 38 ते 39.2 अंश सेल्सिअस हे कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान; आपल्यापेक्षा ते जास्तच असतं, त्यामुळे नुसतं अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका. हिरड्या रोज बघत चला. वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचलून हिरडीवर बोट दाबा. तिथे पांढरा ठिपका उमटेल. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत तो पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. वेळ लागत असेल किंवा हिरडी मुळातच फिकट, चिकट लागत असेल, तर ती तातडीची बाब आहे. आज तो बरा असतानाच बघून ठेवा, म्हणजे बिघडल्यावर फरक कळेल.

आणि पॅरासिटामॉल अजिबात नाही. किती द्यायचं हा प्रश्नच मनातून काढा. मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करणारी यंत्रणा फारच तोकडी असते. माणसाची एक गोळी, तीही अर्धी, मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. आयबुप्रोफेनही कुत्र्या-मांजरांना घातक आहे. मोतीला गोचिडांसाठी परमेथ्रिनचं औषध लावत असाल तर तेही मांजरांच्या अंगाला लागू देऊ नका. कुत्र्याला चालणारं हे द्रव्य मांजराला झटके आणतं. माझ्याकडे विषबाधा होऊन येणाऱ्या मांजरांतली कितीतरी प्रेमापोटी दिलेल्या औषधाने आलेली असतात, म्हणून हे इतक्या कडक शब्दांत लिहिते आहे.

मोतीचं लसीकरण पूर्ण आहे, तो प्रौढ आहे; त्याला पार्व्हो होण्याची शक्यता अगदी कमी. पण त्याच्या पंजांवरून विषाणू घरभर फिरू शकतो, तसाच तुमच्या चपलांवरूनही. तेव्हा घराच्या सफाईबद्दल जरा सविस्तर बोलू या, कारण तुम्ही खूप कष्ट केलेत आणि दुर्दैवाने चुकीच्या वस्तूंनी.

काही विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं. साबण, अल्कोहोल लागलं की ते फाटतं आणि विषाणू संपतो. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाचा विषाणू त्यांतला. पार्व्होला हे आवरणच नाही. सॅनिटायझर त्याला फारसं काही करत नाही आणि अनुकूल जागी तो कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनेलचा तर वेगळाच त्रास आहे. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजरांना विषारी असतात. मांजर पुसलेल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. मांजर असलेल्या घरात ते नकोच.

पार्व्होवर चालतं ते घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पण त्याचा क्रम चुकला तर तेही वाया जातं. आधी साबणाच्या पाण्याने घासून सगळी घाण काढायची, कारण विष्ठा किंवा माती राहिली की ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं. मग ती जागा साध्या पाण्याने धुवायची. त्यानंतर एक भाग ब्लीच आणि तीस भाग थंड पाणी असं द्रावण ताजं करून पसरायचं आणि जागा दहा मिनिटं ओली ठेवायची. इथेच लोक चुकतात. फडकं फिरवून लगेच वाळलं तर उपयोग नाही. वाळू लागलं तर पुन्हा ओतायचं. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. तोपर्यंत तिन्ही प्राणी दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या, हातात मोजे. ब्लीच फिनेलमध्ये, आम्लात किंवा दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, आणि मांजराच्या लघवीवर थेट ओतू नका. घातक वायू तयार होतात.

पिल्लाचं अंथरूण, चावायची खेळणी, लाकडी किंवा कापडी ज्या वस्तू होत्या, त्या टाकून द्या. जे टाकता येत नाही ते गरम पाण्यात, शक्य असेल तर ब्लीच घालून, वेगळं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. अंगणातली माती ब्लीचने निर्जंतुक होत नाही. तिथली विष्ठा वरच्या मातीच्या थरासकट उचलून टाका आणि गुंड्याला तिकडे जाऊ देऊ नका. ऊन लागेल अशी मोकळी जागा राहिली तर काही महिन्यांत विषाणूचं प्रमाण घटत जातं.

गुंड्यावर लक्ष ठेवायचे चौदा दिवस ही सफाई झाली त्या दिवसापासून मोजा. पिल्लू गेलं त्या दिवसापासून नाही, कारण फरशीवर विषाणू अजून असेल तर गुंड्याचा संपर्क अजून थांबलेलाच नाही.

वहिनींबद्दल. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. माणसांत एक पार्व्हो विषाणू असतो, पण तो वेगळा, प्राण्यांकडून येत नाही. सासूबाईंच्या मनात भीती आहे ती बहुधा मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची, आणि ती निराधार नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच ही लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. म्हणून त्यांना वेड्यात काढू नका. शांतपणे बसून हे सांगा. मांजराला उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन ही लागण होते आणि पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी पडतात. नंतर सहसा पुन्हा पडत नाहीत. ताजी विष्ठा बाधत नाही. अंड्यांना लागण करण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे लिटरचा ट्रे रोज न चुकता साफ केला तर बहुतेक धोका तिथेच संपतो. हे काम वहिनींनी करायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचं. मांजरांना कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर शिकारीला सोडायचं नाही. वहिनींनी मातीत काम करताना मोजे घालायचे, भाज्या नीट धुवायच्या, मांस पूर्ण शिजलेलंच खायचं. माणसाला ही लागण होते ती बऱ्याचदा कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून आणि मातीतून, मांजराला कुरवाळल्यामुळे नव्हे. आधी लागण होऊन गेली आहे का, याची रक्त तपासणीही असते; वहिनींच्या डॉक्टरांना विचारा. मांजरं देऊन टाकायची गरज मला तरी दिसत नाही.

जंतांचं औषध मात्र तिघांनाही द्या. लहान पिल्लांत गोल जंत जवळजवळ गृहीत धरावेत, कुत्र्याच्या पिल्लांत ते आईच्या पोटातच येतात, मांजराच्या पिल्लांत आईच्या दुधातून, आणि त्यांची अंडी माणसांना, विशेषतः मुलांना, बाधतात.

राहिला शेवटचा प्रश्न. धाडस करा, पण लगेच नाही आणि लहान पिल्लू नाही. घरात पार्व्हो होऊन गेल्यावर लस अपुरी असलेलं पिल्लू आणणं म्हणजे त्याला जाणूनबुजून धोक्यात घालणं. सगळे डोस झालेला, शेवटच्या डोसला दोन आठवडे उलटलेला मोठा कुत्रा आणा. मोठ्या वयाच्या, घर नसलेल्या कुत्र्यांकडे तशीही कुणी बघत नाही. आणि रस्त्यावर पुन्हा एखादं पिल्लू दिसलं आणि राहवलं नाही, तर त्याला आधी दवाखान्यात न्या. पार्व्हो, गोचीड, जंत, त्वचेवरची बुरशी, सगळं एकदाच बघून घ्या. मग चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, जिथली फरशी धुता येते आणि जिथे मोती, मनी, गुंड्या जात नाहीत. त्याची भांडी वेगळी, त्याच्याजवळ जाताना घालायचे कपडे आणि चपला वेगळ्या, आणि रोजची कामं करताना घरच्यांचं आधी, त्याचं सगळ्यात शेवटी. त्याला हाताळण्याचं काम एकाच माणसाकडे ठेवा, आणि ते माणूस वहिनी नसाव्यात.

पण त्याला अजून वेळ आहे. आज दोन फोन करा: पहिला तुमच्या डॉक्टरांना बोटाच्या जखमेसाठी, दुसरा पशुवैद्यांना गुंड्याच्या डोससाठी. ब्लीचचं काम उद्या केलं तरी चालेल.